मी बोंडलं नाही

मी एक जुनी ग्रेव्हीबोट आहे. बोंडलं नाही.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण मित्रांनो, नांदुऱ्यात मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक माणूस मला बोंडलंच समजतो. त्यात त्याची काही चूक नाही. तान्ह्या बाळाला दूध पाजायच्या बोंडल्यासारखीच मला एका बाजूला लांब तोटी आहे, मधे पोट आहे. शिवाय मागे एक कान आहे. फक्त मी बोंडल्याच्या कितीतरी पट मोठी आहे. त्यामुळे लोक आधी कौतुकानं माझ्याकडे पाहतात आणि मग, यातून दूध पिणारं लेकरू केवढं असेल, या विचारानं जरा गप्प होतात. आमच्या गावात हायवेच्या कडेला हनुमानाची आभाळाला टेकलेली मूर्ती आहे. एकदा गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं मला पाहिलं, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "हनुमानजीच्या लहानपणचं असंन." मग त्यानं मला नमस्कार केला. मी तो घेतला. नाही म्हणायची सोय नव्हती.

माझा जन्म इंग्लंडातला. जिथे झाडांपेक्षा भट्ट्यांची धुराडी जास्त, अशा एका गावात मी पांढऱ्या मातीची झाले. माझ्या अंगभर गुलाबी गुलाब आहेत आणि त्यांच्या मधे मधे निळी बारीक फुलं आहेत. ही फुलं कुणी बसून रंगवलेली नाहीत. ती छापील कागदावर येत आणि कारखान्यातल्या मुली ती ओली करून आमच्या अंगावर चिकटवत. माझ्या वाट्याला आलेल्या मुलीला त्या दिवशी सर्दी होती. ऐन वेळी ती शिंकली आणि माझा एक गुलाब उलटा बसला. तपासनिसानं मला उचललं, तो गुलाब पाहिला, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि मी पास झाले. तेव्हापासून तो गुलाब शीर्षासनात आहे. त्याची तक्रार नाही.

आता ग्रेव्ही म्हणजे काय, ते सांगते. ग्रेव्ही म्हणजे रस्सा. फक्त त्यातली भाजी आधीच कुणीतरी काढून घेतलेली असते. इंग्लंडात रविवारी दुपारी उकडलेल्या बटाट्यांवर तो ओततात. का, ते उकडलेला बटाटा खाल्ल्याशिवाय कळणार नाही. एका घरात मी वर्षानुवर्षं हे काम केलं. माझ्याखाली माझ्याच फुलांची एक लांबट बशी असे. मी कधी गळले नाही, पण समजा गळलेच तर ती होती. एवढा आधार फार असतो मित्रांनो.

पुढे त्या घरातली माणसं म्हातारी झाली, मग नाहीशी झाली. सामान खोक्यांत भरलं गेलं. मी एका खोक्यात गेले आणि बशी दुसऱ्यात. मी दान आलेल्या वस्तूंच्या दुकानात, एका डोळ्याच्या चिनीमातीच्या कुत्र्याशेजारी जाऊन बसले. खूप वर्षं बसले. कुत्रा स्वभावानं बरा होता.

तिथून मला आल्हादनं उचललं. आल्हाद म्हणजे नांदुऱ्याच्या प्रतिमाताई खेर्डेकर यांचा भाचा. तिकडे शिकायला होता. मावशीनं त्याला फोनवर सांगितलं होतं, "तिकडची जुनी फुलाफुलांची कपबशी मिळाली तं आण रे." परतायच्या आदल्या दिवशी त्याला ते आठवलं. दाराजवळ मीच होते. मी त्याच्या लोकरी पायमोज्यांत गुंडाळून भारतात आले. ते पायमोजे धुतलेले नव्हते. यावर मी जास्त बोलणार नाही.

"मावशी, कप नव्हता," तो म्हणाला. "ही होती."

प्रतिमाताईंनी मला हातात घेतलं, उलटं करून बुडावरचा शिक्का पाहिला, कडेला टिचकी मारली आणि कान लावून आवाज ऐकला. मग तो उलटा गुलाब त्यांना दिसला आणि त्या एकट्याच हसल्या. मला इतक्या नीट कुणी कधी पाहिलं नव्हतं.

प्रतिमाताई शाळेत भूगोल शिकवतात. त्यांच्या हॉलमध्ये काचेची शोकेस आहे आणि तिच्यात फक्त विलायती फुलं. पिवळ्या गुलाबांची साखरदाणी, झाकण हरवलेली किटली, जांभळ्या फुलांचे दोन कप आणि कुणाशीच न जुळणाऱ्या बश्या. रविवारी सकाळी त्या आम्हाला एकेक करून बाहेर काढत, जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं पुसत आणि प्रत्येकाला टिचकी मारून परत ठेवत. नांदुरा मेन लाइनवर आहे. मालगाडी गेली की आम्ही सगळे मिळून किणकिणतो. उरलेला आठवडा एवढंच काम.

त्यांचे मिस्टर शरच्चंद्र तहसील कार्यालयात असतात. ते एकदा म्हणाले, "हे कायले जमवतं तू? एकाले एक जुळत नाही यातलं."

"म्हणूनच," प्रतिमाताई म्हणाल्या. "शाळेत दिवसभर एकाच रंगाची पोरं, एकाच रंगाचे बाक. घरी आलं तं सगळं स्टील, अन् सगळ्यावर एकच नाव. काहीतरी वेगवेगळं दिसू द्या ना डोळ्याले. अन् हा कप पाहा, याचा कान कसा घासला आहे. कोणीतरी वर्षानुवर्षं याच्यातून चहा पिऊन घाईघाईनं कामाले गेलं असंन. आता तो कप माझ्याकडे आहे. त्याले अजिबात घाई नाही."

शरच्चंद्रांनी कपाकडे पाहिलं. कपाला खरंच घाई नव्हती. विषय संपला.

सगळ्यावर एकच नाव, हे मात्र समजावून सांगायला हवं. या घरात सत्ता चालते ती शरच्चंद्रांच्या आईची, म्हणजे कोकिळाआजींची. आजींच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक भांड्यावर मशीननं नाव कोरलेलं आहे: गो. रा. खेर्डेकर. हे आजींचे मिस्टर. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण ते ताटावर आहेत, पातेल्यावर आहेत, झाऱ्यावर आहेत. चमच्यावर जागा नसल्यामुळे तिथे ते नुसते गो. आहेत. कारण भांडी गल्लीत फिरतात. कुणाकडे बारसं निघतं, कुणाकडे जेवण, आणि मग परात इकडे, पातेली तिकडे. नाव असलं की ती घर शोधत परत येतात. आजींची एक मोठी पातेली शेगावच्या लग्नाला गेली होती. ती कुठे कुठे राहून चार वर्षांनी परत आली. आजींनी तिला दारातच ओवाळलं होतं म्हणतात.

आमच्या शोकेसवर मात्र आजींचा रागच. जाता-येता त्या ऐकवत, "ज्याच्यात कधी काही वाढलं नाही, ते भांडं कायचं व? फोटो होय तो."

मला ते लागायचं. कारण या घरात तरी ते खरं होतं.

मग रेवतीताई आल्या. म्हणजे आधी फोनमध्ये आल्या. अशी फुलांची भांडी जमवणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. बाकीचे लोक सकाळी फुलांचे फोटो पाठवतात, हे लोक फुलांच्या बश्यांचे पाठवतात; फरक एवढाच. पुण्याच्या रेवती वर्तकांनी एके दिवशी एका लांबट बशीचा फोटो टाकला. गुलाबी गुलाब, मधे मधे निळी बारीक फुलं.

प्रतिमाताईंनी फोन शोकेसच्या काचेला लावला आणि एकदा बशीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. ती माझीच बशी होती की तिची बहीण, ते मी सांगू शकत नाही. बश्यांचे चेहरे सारखेच असतात. पण माझ्या बुडाला काहीतरी आठवलं.

रेवतीताई बशी द्यायला तयार नव्हत्या. त्यांनाही जोडीच हवी होती. त्या म्हणाल्या, "तुम्ही ग्रेव्हीबोट द्या. तुमच्या जांभळ्या कपांसारखे चार कप माझ्याकडे आहेत, ते मी तुम्हाला देते. तुमचे सहा पूर्ण होतील, माझी जोडी पूर्ण होईल." ऐकायला हे इतकं शहाणपणाचं होतं की त्याला नाही कसं म्हणायचं ते कुणालाच सुचेना. प्रतिमाताईंनी आठवडाभर विचार केला आणि हो म्हटलं. त्यानंतर त्या मला पुसायच्या, पण माझ्याकडे पाहायच्या नाहीत.

मला विचाराल तर माझे दोन तुकडे झाले होते, अर्थात मनानं. पुण्यात बशी होती. इथे मालगाडी होती, आणि टिचकी मारून ऐकणारं माणूस होतं.

बुधवारी जेवताना प्रतिमाताई म्हणाल्या, "पुण्याच्या रेवतीताई शेगावले दर्शनाले येऊन राह्यल्या. रविवारी आपल्याकडे येतील. बोट त्या घेऊन जातील."

"पुण्याले?" आजींनी भाकरी मोडता मोडता विचारलं. "बाप्पा! लय दूर झालं."

"हूं," शरच्चंद्र म्हणाले. त्यांच्या तोंडात घास होता.

इथेच घोटाळा झाला. आजींच्या घरातून आजवर बाहेर गेलेलं प्रत्येक वापरातलं भांडं परत यायलाच गेलं होतं. आहेराचं वेगळं, ते नवं असतं. घरातलं, रोज पुसलेलं, जीव लावलेलं भांडं कुणी कायमचं देऊन टाकतं, हे आजींनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यामुळे त्यांना एकच काळजी लागली: इतक्या लांब निघालेल्या भांड्यावर नाव नाही.

शुक्रवारी प्रतिमाताई शाळेत गेल्यावर आजींनी मला कापडी पिशवीत घातलं आणि बाजारात नेलं. वाटेत त्यांनी माझ्या पोटात वांगी ठेवली. कित्येक वर्षांनी माझ्यात काहीतरी खाण्याचं पडलं होतं. मी भारावून गेले.

भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर तुळशीराम नाव टाकायचं मशीन घेऊन बसतो. आजींनी मला त्याच्यासमोर ठेवलं.

"नाव टाकून दे याच्यावर."

तुळशीरामनं मला फिरवून पाहिलं. "आजी, हे बोंडलं केवढं व!"

"बोंडलं नाही ते. बोट होय. विलायती."

"चिनीमाती हाये. तडकलं तं?"

"तडकलं तं पुण्याले जायचं राहीन, घरीच राहीन. तू टाक."

तुळशीरामला या उत्तरात खोट काढता येईना. त्यानं मशीन सुरू केलं. "नेहमीचंच नाव ना? गो. रा.?"

आजींनी पदरानं माझं पोट पुसलं. मग म्हणाल्या, "नाही. प्रतिमा शरच्चंद्र खेर्डेकर, नांदुरा. जागा पुरली तं जिल्हा बी टाक."

"सूनबाईचं?" तुळशीराम वर पाहून म्हणाला. "भांड्यावर?"

"जमवलं कोनं? पुसते कोन? मंग? टाक लवकर, मले रोडग्याची कणीक दळाले टाकाची हाये."

मित्रांनो, मशीनची सुई अंगावर चालते तेव्हा दुखत नाही. गुदगुल्या होतात, पण हसता येत नाही. हसलं की तडकतं. मी इंग्लंडची आठवण काढून गंभीर राहिले. तुळशीरामनं गुलाब चुकवत चुकवत पोटभर अक्षरं काढली. 'जि.' आणि 'बुलडाणा' यांच्या मधे तो उलटा गुलाब आला. शेवटी सवयीप्रमाणे त्यानं नावाखाली एक फूल काढलं. माझ्या अंगावर आधीच एवढी फुलं असताना! पण ते एकच माझ्यावर हातानं काढलेलं फूल आहे, त्यामुळे मी काही म्हणाले नाही.

आजींनी मला शोकेसमध्ये जागेवर ठेवलं. नावाची बाजू भिंतीकडे गेली. मुद्दाम नाही, त्यांना कानाची बाजू समोर बरी वाटली, एवढंच.

रविवारी आजींनी पहाटेच परसात गोवऱ्या पेटवल्या. पाहुणी पुण्याची, मग निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे हवेतच. या गडबडीत त्या दिवशी आम्हाला पुसायचं राहूनच गेलं. अकराच्या सुमारास रेवतीताई आल्या. त्यांनी पिशवीतून चार जांभळे कप काढले आणि मग, फोटोसाठी म्हणून आणलेली ती लांबट बशी. प्रतिमाताईंनी शोकेस उघडली आणि मला न पाहताच त्यांच्या हातात दिलं.

जमवणारा माणूस भांड्याचं तोंड नंतर पाहतो, आधी बूड पाहतो. रेवतीताईंनी माझं बूड पाहिलं आणि खूश झाल्या. मग त्यांनी मला सरळ करून फिरवलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"प्रतिमाताई," त्या हळूच म्हणाल्या, "हे काय आहे?"

प्रतिमाताईंनी पाहिलं. नेमकी त्याच वेळी लांबलचक मालगाडी आली. ती जाईपर्यंत कुणाला बोलता येईना, त्यामुळे शोकेसमधले सगळेच किणकिणत वाट पाहत राहिले. शेवटचा डबा गेला.

"आई!"

"काऊन ओरडून राह्यली व?" आजी परसातून हात पुसत आल्या. "रोडगे करपले ना माहे."

"हे काय केलं तुम्ही?"

"नाव टाकलं. पुण्याले चालली ना ते? मंग परत कशी येईन?"

"आई, ती परत येणारच नव्हती! तिच्या बदल्यात हे कप येणार होते. कायमचे."

आजींनी कपांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"कायमची? अन् तुले आवडते ते?"

प्रतिमाताई जांभळे कप उगाच एका रेषेत लावू लागल्या.

"मंग तं तुळशीरामले अजून मोठं नाव टाकाले सांगाले पायजे होतं," आजी म्हणाल्या.

"काही विचारायचं नाही, सांगायचं नाही, उचलायचं अन् बाबांचं नाव..." प्रतिमाताई मला हिसकावून घेत म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. आत्तापर्यंत त्यांनी नाव टाकलेलं पाहिलं होतं. वाचलं आत्ता.

त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला, 'प्र'पासून पार 'बुलडाणा'पर्यंत. उलट्या गुलाबावर अंगठा जरा थांबला. लग्न होऊन आल्यापासून या बाई गो. रा. खेर्डेकरांच्या ताटात जेवत होत्या आणि गो. रा. खेर्डेकरांच्या पेल्यानं पाणी पीत होत्या. या घरातल्या भांड्यावर त्यांचं नाव पहिल्यांदा आलं होतं.

"माझं टाकलं?" त्यांनी विचारलं.

"मंग कोनाचं टाकू? त्यायनं कधी कप पुसला काय?"

रेवतीताई घसा साफ करून म्हणाल्या, "माफ करा हं, पण संग्रहाच्या दृष्टीनं आता ही बोट म्हणजे... तसं काही राहिलं नाही. मला नाही घेता येणार."

"बरं झालं," प्रतिमाताई म्हणाल्या. आणि आपण हे म्हणालो, याचा सगळ्यात जास्त धक्का त्यांनाच बसला.

आजींना मात्र पाहुणी उपाशी जाण्याची भीती होती, बाकी कशाची नाही. त्यांनी मला प्रतिमाताईंच्या हातातून घेतलं. "आता नाव बी हाये. आता भीती कायची?" असं म्हणून त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, तिथे त्यांनी मला कढत पाण्यानं विसळलं, कोरडं केलं आणि माझ्यात काठोकाठ कोमट तूप भरलं.

मित्रांनो, मी ते शब्दांत सांगू शकत नाही. मी चिनीमाती आहे. पण त्या दिवशी मी आतून पिवळी झाले.

पंगतीत तूप वाढायची आमच्याकडची पद्धत अशी, की वाढणारा थांबत नाही. खाणाऱ्यानं ताटावर हात आडवा धरायचा असतो. तोंडानं "पुरे" म्हणणं म्हणजे लाजणं. ते कुणी मनावर घेत नाही. रेवतीताई पुण्याच्या. त्यांनी कुस्करलेल्या रोडग्याकडे पाहत अगदी स्पष्ट उच्चारात "पुरे" म्हटलं. आजींनी ओतलं. "पुरे हं, आजी." आजींनी ओतलं. आधी रोडगा बुडाला, मग वरण दिसेनासं झालं, शेवटी वांग्याची भाजी तेवढी किनाऱ्याला लागली. "अहो हात धरा, हात!" शरच्चंद्र ओरडले, तेव्हा कुठे रेवतीताईंनी हात आडवा केला.

आजींनी मला सरळ केलं. तोटीवरून खाली एक थेंबही ओघळला नाही.

रेवतीताईंनी तूप विसरून माझी तोटी पाहिली. "गळत नाही हो ही!"

"कायले गळंन?" आजी म्हणाल्या. "चांगलं भांडं हाये."

"माझ्याकडे अशा कितीतरी बोटी आहेत," रेवतीताई हळूच म्हणाल्या. "एकीतूनही मी कधी काही ओतलेलं नाही. गळतात की नाही, मला माहीतच नाही." मग त्यांनी ताटातलं सगळं संपवलं. कसं, ते त्यांनाच ठाऊक. नंतर बराच वेळ त्या भिंतीला टेकून बसून होत्या आणि शोकेसमधल्या प्रत्येक कपाकडे प्रेमानं पाहत होत्या.

निघताना त्यांनी चार कप पिशवीत भरले. बशी हातात घेतली, पिशवीत ठेवली, परत काढली. मग ती माझ्याखाली ठेवून पाहिली. माझं बूड टेकलं. इतक्या वर्षांनी.

"आजी," रेवतीताई म्हणाल्या, "तो नाव टाकणारा आज असतो का बसलेला?"

लग्नसराईत तुळशीराम रविवारीही बसतो. तासाभरानं बशी परत आली. तिच्या कडेनं गोल अक्षरं होती, रेवती वर्तक, पुणे, आणि शेवटी एक हातानं काढलेलं फूल.

"ही तुमच्याकडे उसनी ठेवते आहे," रेवतीताई प्रतिमाताईंना म्हणाल्या. "दिवाळीला दोघींना घेऊन पुण्याला यायचं. मग बोट माझ्याकडे उसनी. चालेल?"

"हाव," उत्तर आजींनी दिलं. "नाव हाये. चुकाचं नाही."

तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र राहतो, एकमेकींकडे उसन्या. आमच्या जोडीला जमवणाऱ्यांच्या जगात आता काही किंमत नाही, असं ऐकते. रविवारी वरण असलं की तूप माझ्यातूनच वाढतात. जांभळे कप दोनचे दोनच राहिले. त्यातल्या एकातून प्रतिमाताई चहा पितात आणि दुसऱ्यातून आजी, बशीत ओतून, फुंकर मारत. शरच्चंद्रांना मात्र कप देत नाहीत. त्यांच्या हातून मागे किटलीचं झाकण फुटलं होतं, हे आता उघडकीला आलं आहे.

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी न जुळणाऱ्या बश्या जमवत असेल, तर त्या माणसाला हसू नका. कपाला घाई नसते, तुम्हीही करू नका. आणि त्या बश्या अधूनमधून बाहेर काढा, त्यांच्यात काहीतरी गरम वाढा. फुटतील, ही भीती खरी आहे. पण कधीच काही न वाढणं, हेही काही फार सुखाचं नसतं. वाढणं आणि न वाढणं, मी दोन्ही करून पाहिलं आहे.

बाकी माझं उत्तम चाललं आहे. फक्त एक गोष्ट सुधारण्याऐवजी बिघडली. पूर्वी लोक मला पाहून विचारात पडायचे, की हे एवढं बोंडलं कुणाचं असेल. आता ते पोटावरचं नाव वाचतात. मग वळून प्रतिमाताईंकडे पाहतात, वरपासून खालपर्यंत, आणि काही न बोलता मान हलवतात: एवढं दूध पिऊनही बाई एवढीच राहिली.